परदेशातला सत्तापेच कळायचा असेल तर आधी आकडे मांडा

कुठल्याशा देशात रात्रीतून सैनिक संसदेत घुसतात, पंतप्रधान हेलिकॉप्टरने निघून जातात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आपल्याकडे प्रत्येकाचं त्यावर मत तयार असतं. मत बनवायला काहीच लागत नाही. पण नेमकं काय चाललंय, पुढे काय होऊ शकतं आणि काय होऊच शकत नाही, हे कळायला एक मोकळी संध्याकाळ, एक वही आणि तासभर बातम्या न बघण्याची तयारी लागते. पुण्यात ही गरज वाटते त्यापेक्षा जास्त जणांना पडते. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत आणि सोसायट्यांच्या गेटवर नेपाळी माणसं आहेत, कॉलेजांत आफ्रिकेतले आणि पश्चिम आशियातले विद्यार्थी आहेत. त्यांच्या देशात काही झालं की ते आपल्या ऑफिसात, आपल्या इमारतीत येऊन पोचतं.

बातम्यांपासून सुरुवात का नको? बातमी गेल्या सहा तासांबद्दल असते. पेच मात्र दोन-चार वर्षं शिजत असतो, आणि तो कुठे फुटणार हे बहुतेक वेळा संसदेतल्या जागांच्या वाटपातच लिहिलेलं असतं. म्हणून पहिलं पान जागांचं. एकूण सभासद किती, साधं बहुमत किती, दोन-तृतीयांश किती, सत्तेतल्या माणसाकडे किती. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे शिकवायला नको. २८८ आणि १४५ हे आकडे आपल्याकडे रिक्षावाल्यालाही पाठ आहेत. तेच कौशल्य बाहेर वापरायचं, एवढंच.

दक्षिण कोरिया घ्या. सभागृह ३०० जणांचं. एप्रिल २०२४ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांच्या पीपल पॉवर पार्टीला १०८ जागा मिळाल्या, विरोधी बाजूला सगळ्या मिळून १९२. साधं बहुमत १५१, दोन-तृतीयांश २००. एवढं लिहिलं की ३ डिसेंबर २०२४ च्या रात्रीची निम्मी गोष्ट समोर येते. युन यांना स्वतःचं एकही विधेयक विरोधकांशिवाय मंजूर करून घेता येत नव्हतं, आणि विरोधकांना त्यांना हटवायला आठ मतं कमी पडत होती. २०२२ ची निवडणूक युन यांनी १ टक्क्याहून कमी, ०.७३ टक्के मतांच्या फरकाने जिंकली होती. म्हणजे कोणी कोणाला मागे सारावं इतकी ताकद कुठेच नव्हती. कोंडी झालेली होती. त्या रात्री युन यांनी ती मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारून फोडायचा प्रयत्न केला.

आता राज्यघटना. ‘कॉन्स्टिट्यूट’ नावाच्या संकेतस्थळावर जगातल्या बहुतेक देशांच्या घटना इंग्रजीत मिळतात. अख्खी घटना वाचायची गरज नाही. कंट्रोल-एफ दाबून पाच गोष्टी शोधा: प्रमुखाला हटवायचं कसं, जागा रिकामी झाली तर कोण बसतं, सभागृह विसर्जित कोण करू शकतं, आणीबाणी वा मार्शल लॉ कोण उठवू शकतं, आणि निवडणूक किती दिवसांत घ्यावी लागते. प्रत्येक कलमापुढे आकडा लिहा. शब्दांपेक्षा आकड्यांत घोळ कमी होतो.

कोरियाच्या घटनेत हे कलम ६५, ६८, ७१ आणि ७७ मध्ये आहे. ७७ व्या कलमानुसार एकूण सभासदांच्या बहुमताने संसदेने मागणी केली की राष्ट्राध्यक्षाला मार्शल लॉ उठवावाच लागतो. त्याच कलमात मार्शल लॉच्या काळात कशाकशावर निर्बंध घालता येतात तेही दिलंय: वृत्तपत्रं, सभा, सरकारचे आणि न्यायालयांचे अधिकार. संसद त्या यादीत नाही. आणि त्या रात्री निघालेल्या फर्मानाचं पहिलंच कलम संसदेच्या कामकाजावर बंदी घालणारं होतं. घटनेचं ते एक पान ज्याने वाचलं असेल त्याला त्याच रात्री कळलं असतं की हा मामला न्यायालयात टिकणं अवघड आहे.

म्हणूनच खासदार कुंपणांवरून उड्या मारून आत शिरत होते. सभापती वू वॉन-शिकसुद्धा भिंत चढून गेले. आत १५१ जण जमले की काम झालं, हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. सैनिकांनी खिडक्या फोडल्या त्याही त्याचसाठी. १९० जण पोचले आणि १९० विरुद्ध शून्य असा ठराव मंजूर झाला. त्यात १८ जण युन यांच्याच पक्षाचे होते. हा १८ आकडा वहीत वेगळा लिहून ठेवण्यासारखा, कारण पुढे हटवायला लागणारी आठ मतं कुठून येऊ शकतात ते तो सांगतो.

इथे भारतीय नजर पहिल्यांदा फसते. आपल्याला व्हिपची आणि दहाव्या अनुसूचीची (पक्षांतरबंदीची) इतकी सवय आहे की पक्षाने ‘विरोधात’ म्हटलं म्हणजे सगळी मतं विरोधात, असं आपण धरून चालतो. कोरियात महाभियोगाचं मतदान गुप्त असतं आणि पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून खासदारकी जात नाही. ७ डिसेंबरच्या पहिल्या मतदानाला बहुतेक सत्ताधारी खासदार सभागृहातून निघूनच गेले. बाहेरून ते पळपुटेपणासारखं दिसलं, पण त्यामागे हिशेब होता. आत बसून गुप्त मतदान झालं तर कोण फुटलं ते कळणार नाही. कोणी आतच नसेल तर फुटायचा प्रश्न येत नाही. विरोधकांची १९२ आणि सत्ताधाऱ्यांतल्या तिघांची मिळून १९५ मतं पडली, २०० हवी होती, मोजणीच झाली नाही. १४ तारखेला ते आत बसले आणि २०४ विरुद्ध ८५ ने महाभियोग मंजूर झाला. १९२ वजा करा: किमान १२ जण फुटले.

वेळेचा घोळ हा सगळ्यात किरकोळ आणि सगळ्यात जास्त नडणारा. सोल आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. मार्शल लॉची घोषणा तिथल्या रात्री साडेदहाच्या सुमारास झाली, म्हणजे पुण्यात संध्याकाळचे सात. संसदेचा ठराव तिथे ४ डिसेंबरच्या रात्री एकला, आपल्याकडे अजून ३ तारीख, साडेनऊ. अमेरिकन वृत्तसंस्था हेच ‘मंगळवारी सकाळी’ म्हणून देतात. तीन ठिकाणच्या बातम्या एकत्र वाचल्या तर एकच घटना तीनदा झाली असं वाटतं, किंवा कारण परिणामानंतर येतं. उपाय सोपा आहे: वहीत सगळं त्या देशाच्या वेळेत लिहा, आपली वेळ कंसात. बांगलादेश अर्धा तास पुढे, नेपाळ पंधरा मिनिटं, श्रीलंका आपल्याबरोबर. नेपाळच्या बाबतीत तारखाही विक्रम संवतात असतात. तिथली माणसं ८ आणि ९ सप्टेंबर २०२५ असं म्हणत नाहीत, ‘भदौ २३ र २४’ म्हणतात, आणि हे शब्द टाकून शोधलं की जे लेखन हाती लागतं ते इंग्रजी शोधात येतच नाही. नेपाळी वृत्तपत्रं देवनागरीत असल्यामुळे मराठी वाचकाला ती थेट वाचता येतात. दोन दिवसांत सराव होतो. ही सोय दुसऱ्या फारशा देशांत मिळत नाही, तर ती वाया घालवू नये.

हटवण्याचं मतदान झालं की बहुतेक जण पाहायचं सोडतात. कोरियात खरी गंमत तिथून पुढे होती. महाभियोगाचा निकाल घटना न्यायालय देतं. न्यायमूर्ती नऊ, हटवायला सहा जणांची संमती लागते. त्या वेळी तीन जागा रिकाम्या होत्या. बसलेले सहा, लागणारे सहा: एक जण जरी वेगळा गेला तरी युन परत खुर्चीत. म्हणून भांडण राष्ट्राध्यक्षावरून हलून रिकाम्या जागा भरण्यावर आलं. हंगामी राष्ट्राध्यक्ष झालेले पंतप्रधान हान डक-सू नेमणुका करेनात, तेव्हा २७ डिसेंबरला संसदेने १९२ मतांनी त्यांच्यावरही महाभियोग लावला. इथे पुन्हा आकड्याचा वाद. राष्ट्राध्यक्षासाठी २०० लागतात, पंतप्रधानासाठी १५१. हंगामी राष्ट्राध्यक्षाला कोणता मोजायचा? सभापतींनी १५१ धरला. न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हान यांना परत आणलं, पण मधल्या काळात हंगामी राष्ट्राध्यक्ष झालेले अर्थमंत्री चोई संग-मोक यांनी दोन न्यायमूर्ती नेमले होते. बाक आठ जणांचं झालं आणि ४ एप्रिलला आठही जणांनी एकमताने युन यांना पदच्युत केलं. घटनेप्रमाणे ६० दिवसांत निवडणूक. ३ जून हा बरोबर साठावा दिवस. बातम्यांत ‘निवडणूक कधी होणार’ यावर बराच काथ्याकूट चालला होता, पण ६८ वं कलम वाचलेल्याला ४ एप्रिललाच शेवटची तारीख काढता येत होती.

पेरूत २०२२ साली अगदी याच जातीचा प्रकार झाला, फक्त फार झटपट. ७ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष पेद्रो कास्तियो यांनी काँग्रेस विसर्जित करत असल्याचं जाहीर केलं. तिथे विसर्जनाची अट अशी की काँग्रेसने आधी दोन मंत्रिमंडळांवरचा विश्वास नाकारलेला असावा. ती अट पूर्ण झालेली नव्हती. १३० जणांच्या काँग्रेसमध्ये हटवायला ८७ मतं लागत होती. त्याच दुपारी १०१ पडली आणि संध्याकाळपर्यंत कास्तियो अटकेत होते.

कोरिया आणि पेरू, दोन्ही ठिकाणी सत्तेतला माणूस सभागृहात अल्पमतात होता, आणि पेच सभागृहाच्या आत सुटला. आता आपल्या शेजाऱ्यांचे आकडे पाहा. श्रीलंका: ऑगस्ट २०२० मध्ये राजपक्ष्यांच्या आघाडीला २२५ पैकी १४५. बांगलादेश: जानेवारी २०२४ मध्ये मुख्य विरोधी पक्षाच्या बहिष्कारात शेख हसीना यांच्या अवामी लीगला ३०० पैकी २२० हून जास्त. नेपाळ: २७५ च्या सभागृहात बहुमत १३८, आणि पंतप्रधान के. पी. शर्मा ओलींच्या मागे नेपाळी काँग्रेसचे ८९ आणि त्यांच्या स्वतःच्या एमाले या कम्युनिस्ट पक्षाचे ७८, म्हणजे १६७. तिन्ही सरकारं सभागृहात भक्कम होती. तिन्ही रस्त्यावर पडली.

माझ्या मते पहिल्या तासात काढायचं निदान हेच. पारडं सभागृहात जवळपास समतोल असेल तर कलमं, न्यायाधीश आणि फुटीर मतं यांच्याकडे लक्ष ठेवा. पारडं फारच एका बाजूला झुकलेलं असेल, पहिला आणि दुसरा पक्ष एकत्र सत्तेत बसले असतील किंवा विरोधक निवडणुकीतच नसतील, तर विरोध बाहेर गोळा होतोय असं समजा आणि विद्यापीठं, इंधनाच्या रांगा, इंटरनेट यांच्याकडे पाहा. नेपाळमध्ये ४ सप्टेंबर २०२५ ला २६ समाजमाध्यमांवर बंदी आली, ८ ला पोलिसांच्या गोळीबारात १९ जण गेले, ९ ला ओलींनी राजीनामा दिला. १६७ चा आकडा त्या दिवशी कुणाच्याच कामाचा नव्हता.

रस्ता सरकार पाडतो. खुर्चीत कोण बसणार हे मात्र पुन्हा कागदावर येतं, आणि कागदात जागा नसेल तर ती कोणीतरी शोधून काढतं. श्रीलंकेत कागद तयार होता. राष्ट्राध्यक्ष गोटाबाय राजपक्षे १३ जुलै २०२२ ला मालदीवला गेले, दुसऱ्या दिवशी राजीनामा. ४० व्या कलमाप्रमाणे उरलेल्या मुदतीसाठी संसदेने आपल्यातला एक सभासद निवडायचा. २० जुलैला रणिल विक्रमसिंघे १३४ मतांनी निवडून आले. त्यांच्या पक्षाची संसदेत एकच जागा होती! रस्त्यावरच्या लोकांना धक्का बसला, पण मतं राजपक्ष्यांच्याच खासदारांची होती आणि ती कुठे जाणार हे मोजता येत होतं. त्याच मतदानात अनुरा कुमार दिसानायके यांना तीन मतं पडली. सप्टेंबर २०२४ मध्ये जनतेने मतदान केलं तेव्हा तेच राष्ट्राध्यक्ष झाले, आणि नोव्हेंबरात त्यांच्या आघाडीला १५९ जागा. सभागृहातली तीन ही संख्या बाहेरच्या हवेबद्दल काहीच सांगत नव्हती.

बांगलादेशात कागद नव्हता. काळजीवाहू सरकारची तरतूद १९९६ साली घटनेत आली आणि २०११ च्या पंधराव्या दुरुस्तीने गेली. ५ ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधान शेख हसीना देश सोडून गेल्या, ६ ला संसद विसर्जित झाली, आणि अंतरिम सरकार कोणत्या कलमाखाली आणायचं याचं उत्तर नव्हतं. राष्ट्रपतींनी १०६ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं आणि ८ तारखेला अंतरिम सरकारचे प्रमुख म्हणून मोहम्मद युनुस यांचा शपथविधी झाला. नेपाळमध्ये पंतप्रधान प्रतिनिधी सभेचा सभासद असावा अशी ७६ व्या कलमाची रचना आहे. माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की सभासद नव्हत्या, तरी १२ सप्टेंबरला त्यांची नेमणूक झाली. अशा सरकारांच्या बाबतीत वहीत एक ठळक खूण करा, कारण नंतर येणारा प्रत्येक न्यायालयीन वाद त्या फटीतूनच येतो.

राजीनामा, बडतर्फी, पलायन यांत फरक करायला शिकलं पाहिजे. महाराष्ट्राच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटलं होतं की उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, त्यामुळे जुनी स्थिती परत आणता येत नाही. क्रम आणि सही यांना इतकं वजन असतं. हसीना यांच्या राजीनाम्याचं पत्र आपल्याकडे नसल्याचं बांगलादेशचे राष्ट्रपती ऑक्टोबर २०२४ मध्ये बोलून गेले, तेव्हा ढाक्यात पुन्हा निदर्शनं झाली ती उगाच नव्हे.

पैशाचं पान प्रत्येक पेचात लागत नाही, पण लागतं तेव्हा तेच पहिलं असतं. श्रीलंकेत पाहायचे आकडे दोनच होते: वापरता येण्याजोगी परकीय गंगाजळी आणि समोर उभा हप्ता. गंगाजळीचा जाहीर आकडा फसवा असतो, कारण त्यात लगेच खर्च न करता येणारी रक्कमही धरलेली असते. मे २०२२ मध्ये अर्थमंत्र्यांनीच संसदेत सांगितलं की वापरता येणारी गंगाजळी ५ कोटी डॉलरच्या खाली आहे. परदेशी कर्जाचे हप्ते थांबवत असल्याची घोषणा १२ एप्रिललाच झाली होती, आणि ७ कोटी ८० लाख डॉलरच्या व्याजाची वाढीव मुदत १८ मे रोजी संपली. गॅसची रांग आणि औषधांचा तुटवडा त्यातून सरळ निघतो. एप्रिल २०२१ ची रासायनिक खतबंदी, पर्यटन बसणं, करकपात ही सगळी आधीची पानं.

काय वाचावं? एका देशासाठी तीन जागा पुरतात. एक वृत्तसंस्था, आणि एकमेकांच्या विरुद्ध कलाची दोन वृत्तपत्रं. कोरियासाठी योनहाप, पुराणमतवादी चोसुन इल्बो आणि डावीकडे झुकणारं हांक्योरे. तिन्हींच्या इंग्रजी आवृत्त्या आहेत. एकाच दिवसाचे दोन्ही अग्रलेख वाचले की भांडण कशावर आहे ते अर्ध्या तासात कळतं. बांगलादेशसाठी प्रथम आलो आणि डेली स्टार, श्रीलंकेच्या पैशांसाठी इकॉनॉमीनेक्स्ट, नेपाळसाठी कान्तिपुर. डावे-उजवे ही लेबलं मात्र बाहेर ठेवा. नेपाळमध्ये तेव्हा एमाले आणि माओवादी केंद्र दोन्ही पक्ष कम्युनिस्ट होते, आणि ओली सरकार चालवत होते ते काँग्रेसबरोबर. तिथली काँग्रेस आपली काँग्रेस नव्हे, हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं.

पहिल्या ४८ तासांतल्या मृत्यूच्या बातम्या पेन्सिलने लिहा. काठमांडूत माजी पंतप्रधान झलनाथ खनाल यांच्या पत्नीचा जळून मृत्यू झाल्याचं कित्येक माध्यमांनी छापलं. त्या गंभीर भाजल्या होत्या, पण जिवंत होत्या. उलट एकूण बळींचा आकडा पहिल्या दिवशीच्या १९ वरून ७० च्या वर गेला. दोन्ही दिशांनी चूक होते. व्हिडिओ आला की आधी जागा आणि ऋतू जुळतो का बघा: पाट्यांची लिपी, वाहनांच्या नंबरप्लेट, अंगावरचे कपडे.

आणि ‘परकीय हात’. कट्ट्यावर हा मुद्दा दहाव्या मिनिटाला निघतोच. हात कधीच नसतो असं नाही. पण ज्या तारखेला, ज्या माणसाविरुद्ध उठाव झाला ते देशातल्याच घटनांवरून कळत असेल, तर बाहेरच्या हाताचा दावा हा वेगळा दावा आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. बांगलादेशात ५ जून २०२४ ला उच्च न्यायालयाने स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांचा ३० टक्के कोटा परत आणला, म्हणून आंदोलन जूनमध्ये सुरू झालं आणि जुलैत पेटलं. तारीख इथेच मिळते.

ओळखीतला माणूस त्या देशाचा असेल तर ‘तुझ्या मते कोण जिंकणार’ हा प्रश्न वगळा. काय बंद आहे ते विचारा. बँक चालू आहे का, इंटरनेट आहे का, विमानतळापर्यंतचा रस्ता कसा आहे, घर कोणत्या जिल्ह्यात आहे. ही माहिती त्याच्याकडे खरी असते आणि वर्तमानपत्रात उशिरा येते. पक्षाबद्दल त्याला बोलायचं असेल तर तो आपणहून बोलेल. काही देशांतल्या विद्यार्थ्यांना परदेशात बोललेलंही घरी महागात पडतं, तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर तर विचारूच नका.

वहीचं शेवटचं पान तारखांचं. बातमी थंडावली तरी न्यायालयाची सुनावणी, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हप्त्याचा आढावा आणि निवडणुकीची अंतिम मुदत या तीन तारखा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, त्या देशाचा टाइमझोन निवडून. सोलच्या न्यायालयाचा निकाल ४ एप्रिलला तिथल्या सकाळी अकराला सुरू झाला. पुण्यात तेव्हा साडेसात वाजले होते.